'फ्रेन्झी' आणि उन्माद : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

इंग्रजी 'फ्रेन्झी' हा शब्द वरच्या वर्गांतील पाठ्यपुस्तकांत दरवर्षी कोठे ना कोठे भेटतोच. विद्यार्थ्यांच्या हाती असलेले छोटे कोश त्यापुढे 'उन्माद, वेड, क्षोभ' असे दोनतीन शब्द ठेवून मोकळे होतात, आणि विद्यार्थी त्यांतला पहिला शब्द उचलून पुढे जातो. मग पाहुणे यायच्या वेळी घरात उडालेल्या गडबडीलाही उन्माद, दुकानापुढे लोटलेल्या गर्दीलाही उन्माद, कवीच्या स्फूर्तीलाही उन्माद आणि दंगलीत घरे जाळीत सुटलेल्या जमावालाही उन्मादच. पहिल्या दोन ठिकाणी फार तर हसू येते. शेवटच्या ठिकाणी मात्र शब्दाची निवड ही केवळ भाषेची बाब राहत नाही, असे आमचे मत आहे. आम्ही राहतो त्या माळव्यात चहूकडे हिंदी आहे. हिंदी वृत्तपत्रांत 'सांप्रदायिक उन्माद' हा प्रयोग रुळून गेलेला आहे आणि तो आमच्या मराठी घरांत व मराठी निबंधांतही सहजपणे उतरतो. म्हणून या इंग्रजी शब्दाचे कूळ कोणते, तो कोणत्या वाटेने आजच्या अर्थापर्यंत आला, आणि त्याच्यासाठी आपल्या घरी आधीपासून कोणकोणते शब्द आहेत, हे थोड्या विस्ताराने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

या शब्दाचे मूळ ग्रीक असून ते वैद्यकातले आहे. ग्रीक भाषेत 'फ्रेन' म्हणजे मन किंवा बुद्धी. परंतु छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा, ज्याला आपण श्वासपटल म्हणतो, त्यालाही हाच शब्द. होमरच्या काव्यातील वीर विचार करतात ते डोक्यात नव्हे, तर छातीच्या आत कोठेतरी. आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपणही गुपित पोटात ठेवतो, भीतीचा गोळा आपल्या पोटातच उठतो आणि माणसाचे धैर्य आपण छातीवरून मोजतो. श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इंग्रजी शारीरशास्त्रात अजूनही 'फ्रेनिक' असेच नाव आहे. आणि ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हे नाव घडविले, त्यातही हाच 'फ्रेन' आहे. एक शब्द शरीराकडे राहिला, दुसरा मनाकडे गेला.

या 'फ्रेन'वरून 'फ्रेनायटिस' हे एका दुखण्याचे नाव झाले. हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रंथ मोडतात त्यांत हे दुखणे वारंवार येते : तीव्र ताप आणि त्याबरोबर बुद्धीचा भ्रंश. रोगाची पूर्वलक्षणे सांगणाऱ्या एका ग्रंथात अशा रोग्याचे जे वर्णन आहे ते आजही वाचवत नाही. रोगी चेहऱ्यापुढे हात फिरवितो, रिकाम्या हवेत काहीतरी पकडू पाहतो, पांघरुणाचे तंतू उपटतो, भिंतीवरच्या काड्या ओढतो. ही लक्षणे मृत्यूची सूचक होत, असे तो ग्रंथकार सांगतो. ज्याने घरातील वडील माणसाचे अखेरचे दुखणे पाहिले आहे त्याला अंथरूण चाचपणारे ते हात ओळखू येतील. (शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' नाटकात खानावळवाली बाई फॉल्स्टाफच्या मृत्यूचे वर्णन करते, त्यातही चादरीशी चाळा करणारे हेच हात आहेत. जुने वैद्यक नाटककारांच्या किती अंगवळणी पडले होते, हे त्यावरून ध्यानात येते.) इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने वेडाचे तीन प्रकार करून त्यांतला पहिला, तापाबरोबर येणारा तीव्र प्रकार म्हणून याची गणना केली आणि दीर्घकाळ चालणाऱ्या वेडापासून त्याला निराळे काढले. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

ग्रीकातून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तेथून चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. चॉसरच्या 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या काव्यात तो आहे आणि तेथे तो प्रेमात झुरणाऱ्या नायकाच्या दुखण्याचेच नाव आहे. 'फ्रॅन्टिक' आणि 'फ्रेनेटिक' ही दोन विशेषणे याच घराण्यातली भावंडे होत. आमच्या गोव्यातील बंधूंना पोर्तुगीज 'फ्रेनेसी' परिचयाचा असेल. तोही याच मूळ पुरुषाचा वंशज. डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात या शब्दाचे ग्रीक मूळ देऊन दोन अर्थ एकाच दमात सांगितले आहेत : एक, वेड किंवा चित्तभ्रंश, दुसरा, वेडाच्या सीमेला टेकलेला कोणताही प्रबळ मनोविकार. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोगाचे नाव विकाराचे नाव होऊन चुकले होते, पण रोगाची आठवण अद्याप पुसली गेली नव्हती.

आता आपल्या घरी वळू. ज्या दुखण्यास ग्रीकांनी 'फ्रेनायटिस' म्हटले त्यास आपल्याकडे 'उन्माद' म्हणत नाहीत. त्यास 'सन्निपात' म्हणतात आणि बायाबापड्यांच्या बोलण्यात 'वात होणे'. वात, पित्त आणि कफ हे तिन्ही दोष एकदम खवळून जो ज्वर येतो त्यात रोगी बडबडू लागतो. 'तो शुद्धीवर नाही, वातात बोलतो आहे' हे वाक्य आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. उन्माद हा चरकसंहितेत अगदी वेगळा रोग आहे. त्याला स्वतंत्र अध्याय आहे, तीन दोषांचे तीन, सन्निपाताचा एक आणि आगंतुक एक असे त्याचे पाच प्रकार आहेत, आणि त्याला तापाची आवश्यकता नाही. सेल्ससने जो भेद केला तोच आपल्या वैद्यकानेही केलेला आहे, एवढे येथे दिसून येते. काटेकोर बोलावयाचे तर 'फ्रेन्झी'चा सख्खा भाऊ सन्निपात आहे. उन्माद हा चुलत भाऊ.

हे केवळ कुळकथेचे कुतूहल नव्हे. तापाच्या पोटी जन्मलेल्या शब्दाने तापाचे गुण सोडलेले नाहीत. ताप चढतो, शिखराला जातो आणि उतरतो. 'फ्रेन्झी'ही चढते आणि उतरते. इंग्रजीत जन्मभराचा उत्साह असू शकतो, जन्मभराचे खूळ असू शकते. परंतु जन्मभराची 'फ्रेन्झी' असे कोणी लिहिल्यास ते इंग्रजाच्या कानाला खटकेल. दुसरा गुण असा की, तापातल्या माणसाच्या हातून लगाम सुटलेला असतो. कितीही आनंद झाला, कितीही राग आला, तरी जोपर्यंत मनाचा लगाम मनाच्या हाती आहे तोपर्यंत ती 'फ्रेन्झी' नव्हे. विद्यार्थ्यांना हा शब्द शिकविताना आम्ही हे दोन प्रश्न विचारावयास सांगतो : हे चढून उतरणारे आहे काय? आणि लगाम कोणाच्या हाती आहे? या दोहोंची उत्तरे मिळाली की मराठी शब्द बहुधा आपोआप सापडतो.

'फ्रेन्झी'च्या आसपास वावरणारे जे दोन ग्रीक शब्द इंग्रजीत आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणजे हा अर्थ अधिक स्वच्छ होतो. 'एन्थुझिॲझम' याचा मूळ अर्थ, आत देव असणे. आपला 'अंगात येणे' हा प्रयोग जवळजवळ त्याचे शब्दशः भाषांतर आहे, आणि हे भाषांतर कोणी बसून केलेले नाही; जेथे जेथे देव माणसाच्या देहात उतरतो अशी श्रद्धा असते तेथे तेथे असा शब्द निपजतो. 'एक्स्टसी' म्हणजे आपल्या स्थानाबाहेर उभे राहणे; आपले 'देहभान हरपणे' हे तिच्या शेजारी ठेवता येईल. एका शब्दात बाहेरचे कोणी आत येते, दुसऱ्यात आतले कोणी बाहेर जाते. 'फ्रेन्झी'त ना कोणी येते ना कोणी जाते. जेथे मनाची बैठक आहे ती जागाच तापून उठते. आमच्या मते तिन्ही शब्दांमधले खरे अंतर ते हेच.

गंमत अशी की, 'एन्थुझिॲझम' हा शब्द एके काळी इंग्लंडात शिवीसारखा वापरला जात असे. आपल्याला ईश्वराचा प्रत्यक्ष आदेश झाला आहे असे म्हणणाऱ्या पंथवाल्यांना उद्देशून तो योजीत, आणि लॉकने मानवी आकलनावरील आपल्या प्रबंधाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत या दोषावर एक नवा अध्यायच घातला. पुढे तो शब्द शुद्ध होत होत आज नोकरीच्या अर्जात मिरविण्याइतका सोज्ज्वळ झाला. 'फ्रेन्झी'ला ते भाग्य लाभले नाही. तिची तीव्रता कमी झाली, पण तिची अब्रू वाढली नाही.

एकदा मात्र ती वाढण्याची वेळ आली होती. प्लेटोने 'फीड्रस' या संवादात वेडाचे दोन वर्ग केले : एक मानवी रोगातून येणारे, दुसरे देवांच्या कृपेने येणारे, आणि दुसऱ्या वर्गात भविष्यवाणी, धार्मिक विधी, काव्य आणि प्रेम अशी चार वेडे गणली. तेथे त्याचा शब्द 'मेनिया' आहे, वैद्यांचा 'फ्रेनायटिस' नाही. लॅटिन लेखकांनी त्या दैवी वेडाला 'फ्युरॉर' म्हटले, प्रबोधनकाळातील इटालियन पंडितांनी त्या कल्पनेचे मोठे स्तोम माजविले, आणि ती इंग्रजीत आली तेव्हा तिच्यासाठी कवींनी 'फ्रेन्झी'ही उचलली. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' नाटकाच्या पाचव्या अंकात कवीच्या फिरत्या नजरेला हा शब्द लावून त्यामागे एक गौरवाचे विशेषण जोडलेले आहे, ते ठिकाण सर्व शिक्षकांना माहीत आहे. परंतु ते वाक्य कवीच्या स्तुतीचे म्हणून उद्धृत करण्याची जी चाल पडली आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही. बोलणारा थीसियस हा व्यवहारी राजा आहे. तो वेडा, प्रेमी आणि कवी यांना एकाच दावणीला बांधतो आणि तिघांच्याही सांगण्यावर विश्वास ठेवीत नाही. लगेच हिपॉलिटा त्याला हळूच अडविते. दुसरीकडे, 'टेमिंग ऑफ द श्रू'च्या प्रास्ताविकात एक निरोप्या वैद्यांचा हवाला देऊन सांगतो की, विषण्णतेतून हे दुखणे उद्भवते. म्हणजे त्याच लेखकाच्या लेखणीखाली हा शब्द एकदा वैद्याच्या पेटीतून निघतो आणि एकदा काव्यदेवतेच्या पदराखालून. अशा कवीच्या अवस्थेला मराठीत उन्माद म्हणू नये. 'प्रतिभेचा आवेश' किंवा नुसते 'स्फुरण' पुरेसे आहे.

आमच्या साहित्यशास्त्राने या बाबतीत जी बारकाईने मांडणी केली आहे तिचा उपयोग इंग्रजीच्या शिक्षकांनी का करू नये, हे आम्हांस समजत नाही. नाट्यशास्त्रात उत्साह हा स्थायी भाव आहे, वीररसाचा. आवेग आणि उन्माद हे तेहतीस व्यभिचारी भावांपैकी, म्हणजे येऊन जाणारे. 'एन्थुझिॲझम' आणि 'फ्रेन्झी' यांतला जो फरक इंग्रजी कोश उदाहरणे देऊन समजावतात, तो येथे एका वर्गीकरणात आला. त्यातही आवेग आणि उन्माद यांची कारणे भरताने वेगवेगळी दिली आहेत. उत्पात, वादळ, पाऊस, आग, हत्ती सुटणे, आनंदाची किंवा दुःखाची बातमी एकाएकी कानी पडणे, संकटाचा घाला, ही आवेगाची कारणे. घाई, धावपळ, गोंधळ हे त्याचे परिणाम. प्रिय माणसाचा वियोग, वैभवाचा नाश, आघात, त्रिदोषांचा प्रकोप, ही उन्मादाची कारणे. आणि कारण नसता हसणे व रडणे, असंबद्ध बोलणे, अंगाला धूळ व राख फासणे, खापऱ्या आणि निर्माल्य अलंकारासारखे मिरविणे, ही त्याची चिन्हे. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकाच्या चौथ्या अंकातील पुरूरवा उर्वशीचा शोध वृक्षांना आणि पाखरांना विचारीत हिंडतो, तो उन्माद. दाराशी हत्ती सुटल्यावर गल्लीत जी पळापळ होते, तो आवेग. इंग्रजी या दोहोंसाठी 'फ्रेन्झी' हा एकच शब्द वापरू शकते. आपण तसे करावे अशी सक्ती नाही.

किंबहुना आजच्या इंग्रजीत या शब्दाचा जो नित्याचा वापर आहे त्यातील बहुतेक आवेगाच्याच प्रांतातला आहे. 'अमुक कामाची फ्रेन्झी' अशी त्याची रचना असते. तासाभरात पाहुणे यावयाचे म्हणून सारे घर अशा अवस्थेत आहे, असे इंग्रजी वाक्य आले तर मराठीत 'घरात नुसती धांदल उडाली' एवढेच म्हणावे. दिवाळीच्या आधल्या दिवशी दुकानांत खरेदीची जी स्थिती होते तिला 'झुंबड' हा शब्द इतका नेमका आहे की त्यापुढे दुसरा शोधू नये. कुत्र्याच्या बाबतीत विद्यार्थी 'पिसाळला' लिहितात ते चुकीचे. पिसाळणे म्हणजे विष चढणे, येथे 'चवताळला' हवे. लढणाऱ्याला 'त्वेष' येतो, हरत आलेल्याला एकाएकी 'चेव' येतो, नाचणाऱ्याला 'धुंदी' चढते, अधिकार मिळालेल्याला 'कैफ' चढतो. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शार्क मासे रक्ताच्या वासाने भक्ष्यावर झडप घालतात तेव्हाच्या गोंधळासाठी इंग्रजीत जो जोडशब्द झाला, तो पुढे एखाद्या बदनाम पुढाऱ्यामागे लागलेल्या वृत्तपत्रांनाही लावू लागले. आपण समुद्रापासून दूर राहणारी माणसे शार्क कशाला आणावे? गिधाडे 'तुटून पडतात', आणि ते क्रियापद वार्ताहरांनाही पुरते.

बाजाराविषयी बोलताना आणखी एक विवेक ठेवावा लागतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस इंग्लंडात येईनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि आलेल्या पैशाने १८६४–६५ मध्ये मुंबईत समुद्र हटविण्याच्या आणि बँका काढण्याच्या कंपन्यांचे भाग वाटेल त्या भावाने विकले गेले. युद्ध संपताच १८६५ च्या उन्हाळ्यात तो डोलारा कोसळला. या साऱ्या काळाला 'शेअर मेनिया' असे नाव पडले, 'शेअर फ्रेन्झी' असे पडले नाही. आणि ते बरोबर आहे. महिनोन्‌महिने टिकणारे, हिशेब मांडून बाळगलेले जे वेड, ते 'मेनिया', आपले 'खूळ'. त्या काळातल्या एखाद्या दुपारी भाव चढतो आहे असे ऐकून दलालांभोवती जी झोंबाझोंबी झाली असेल, तेवढ्याला 'फ्रेन्झी' म्हणता येईल.

धर्माच्या बाबतीत या शब्दाचा इतिहास आपल्याला फारसा सुखावह नाही. एकोणिसाव्या शतकातील कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी आपल्या यात्रा, जत्रा व ताबूत यांची वर्णने करताना हा शब्द सढळ हाताने वापरला आहे. ज्याला ढोलाचा ताल कळत नाही त्याला नाचणारा माणूस तापकरी वाटणे साहजिक आहे. पण कीर्तनात तल्लीन झालेल्या वारकऱ्याचा लगाम सुटलेला नसतो. त्याने तो जाणूनबुजून दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो, आणि टाळाचा ठेका त्याच्या हातून चुकत नाही. अशा वर्णनांचे मराठी करताना भाषांतरकाराने मूळ लेखकाचा शब्द प्रामाणिकपणे ठेवावा, परंतु तो त्या लेखकाचा आहे हे कळू द्यावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या जमावाकडे येतो. गर्दीत शिरलेला माणूस आपले स्वतंत्र मन गमावतो, एकाचा विकार दुसऱ्यास रोगासारखा लागतो आणि सारा समुदाय जणू संमोहनाखाली वागतो, असा सिद्धांत फ्रान्समधील गुस्ताव्ह ल बों याने १८९५ साली आपल्या ग्रंथात मांडला. तो अतिशय गाजला, आणि 'उन्मत्त जमाव' ही आपल्या वृत्तपत्रांची ठरीव जोडी पुष्कळ अंशी त्याच विचाराची दूरची लेक आहे. परंतु पुढच्या इतिहासकारांनी कागदपत्रे उघडली तेव्हा निराळे चित्र दिसले. जॉर्ज रुडे याने १९५९ साली फ्रेंच राज्यक्रांतीतील जमावांवर ग्रंथ लिहिला तो पोलीस दप्तरे तपासून; त्यात त्याला सापडले ते नावगाव आणि धंदा असलेले कारागीर, दुकानदार, मजूर, ज्यांना पावाचा भाव आणि आपले गाऱ्हाणे नीट ठाऊक होते. इंग्लंडमधील ई. पी. टॉम्प्सन याने १९७१ च्या एका प्रसिद्ध निबंधात अठराव्या शतकातील धान्याच्या दंगलींविषयी दाखविले की, कित्येक ठिकाणी लोकांनी धान्य लुटले नाही. त्यांनी वाजवी वाटेल तो भाव स्वतः ठरवून ते विकले आणि पैसे मालकाच्या हवाली केले. तापातला रोगी हिशेब करीत नाही.

यासाठी पॅरिसला किंवा लंडनला जाण्याचीही गरज नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे फोडली, आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लावल्या गेल्या, हे खरे. परंतु त्या लोकांनी मागितले काय? कर्जरोखे, खतपत्रे, वह्या. ते कागद हाती आले की त्यांची होळी झाली. सावकाराचा जीव घेणे हा त्यांचा हेतू नव्हता. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळालाही या दंगलीच्या मागे कर्जाचा आणि कोर्टाच्या हुकुमनाम्यांचा प्रश्न दिसला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आता या घटनेवर 'शेतकऱ्यांचा उन्माद' असे शीर्षक कोणी दिले असते तर काय झाले असते? रोख्यांचा प्रश्नच उरला नसता. वेड्याला कारण विचारीत नाहीत.

हा शब्द कारण झाकतो, तसा गुन्हाही झाकतो. एखाद्या वस्तीवर हल्ला होतो, माणसे मारली जातात, आणि दुसऱ्या दिवशी वाचावयास मिळते की, 'उन्माद उसळला'. जणू समुद्राला भरती आली. कायदा मात्र असे बोलत नाही. १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमाने ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप कळण्याची शक्तीच चित्तविकारामुळे उरली नाही त्याला सूट दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती २२ व्या कलमात कायम आहे. परंतु जमावासाठी जे कलम आहे, पूर्वीचे १४९ वे आणि आताचे १९० वे, ते उन्मादाची गोष्ट काढीत नाही. ते विचारते की, या मंडळींचा समान उद्देश कोणता होता. न्यायालय जेथे उद्देश शोधते तेथे आपली भाषा उन्माद म्हणून हात झाडते, ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी.

आणि येथे इंग्रजी भाषेने एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली जपली आहे, हे सांगितले पाहिजे. जमावाच्या बाबतीत 'फ्रेन्झी'बरोबर तेथे जे क्रियापद नेहमी येते ते चाबूक मारण्याचे आहे : कोणीतरी जमावाला चाबकाने त्या अवस्थेपर्यंत हाकीत नेतो. वाक्याला कर्ता लागतो. 'उन्माद उसळला', 'उद्रेक झाला', 'भावना भडकल्या' या आपल्या वाक्यांत कर्ता कोठेच नाही. भावना आपल्या आपणच भडकतात. मराठीत शब्द नाहीत असे मुळीच नाही. चिथावणे, चेतविणे, भडकविणे, फूस लावणे, माथी भडकावणे, ही सर्व सकर्मक क्रियापदे असून प्रत्येकाला 'कोणी?' हा प्रश्न विचारता येतो. वृत्ताचे मराठी करताना किंवा मुलांकडून निबंध लिहून घेताना नाम सोडून या क्रियापदांकडे वळावे, एवढीच आमची सूचना आहे. कर्ता ठाऊक नसेल तर 'कोणी चिथावले हे कळले नाही' असे लिहावे. तेही 'उन्माद उसळला' यापेक्षा अधिक सांगते.

खऱ्याखुऱ्या 'फ्रेन्झी'चे साहित्यातील उदाहरण हवे असेल तर युरिपिडीजचे 'बॅकी' हे नाटक घ्यावे. ते नाटककाराच्या मृत्यूनंतर इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अथेन्सला रंगभूमीवर आले. डायोनायससला देव मानण्यास नकार देणाऱ्या थीबीज नगरीच्या स्त्रियांना तो देव वेड लावून किथेरॉन पर्वतावर नेतो. त्यांत राजा पेन्थ्यूसची आई अगावी हीदेखील आहे. राजाला चोरून पाहण्याची इच्छा होते, आणि त्याला तेथपर्यंत घेऊन जाणारा दुसरा कोणी नसून वेष पालटलेला तोच देव आहे. चाबूक कोणाच्या हाती आहे हे नाटककाराने लपविलेले नाही. स्त्रिया राजाला सिंहाचा छावा समजून फाडतात; पहिला हात आईचा पडतो. ती त्याचे मस्तक शिकारीचे भूषण म्हणून मिरवीत नगरात येते. मग तिचा वृद्ध पिता कॅडमस तिला ओरडत नाही, खरे काय ते सांगतही नाही. तो तिला आधी आकाशाकडे पाहावयास लावतो आणि ते पूर्वीसारखेच दिसते की बदलले आहे, असे विचारतो. तिला ते अधिक स्वच्छ वाटते. तो तिला विचारतो, तुझे लग्न कोणाशी झाले, तुला मुलगा कोणता. ती उत्तरे देत जाते, आणि अखेरीस तो विचारतो की, तुझ्या हातांत हे मस्तक कोणाचे आहे. वर्गात हा प्रवेश सांगताना इंग्रजी भाषांतरांतील लांबलचक शब्दयोजनेची जागा आपले एक साधे क्रियापद घेते, 'ती भानावर आली'. आणि कॅडमस एकेक प्रश्न विचारीत असतो तोपर्यंत ते उच्चारू नये, कारण मस्तकाकडे पाहीपर्यंत ती आलेली नसते.